एक सेल, एक बल्ब, एक तार: विद्युत आणि चुंबकत्व घरी शिकवताना

आठवीतल्या मुलाच्या हातात एक सेल, टॉर्चचा एक छोटा बल्ब आणि वीतभर तार द्या आणि म्हणा, "लाव दिवा." दुसरी तार मागितली तरी द्यायची नाही. नाशिकरोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रविवारी सकाळी जी मुलं जमतात, त्यांना पहिल्या दिवशी मी हेच काम देते. ओहमचा नियम घडाघडा म्हणणारी मुलंसुद्धा इथे दहा-पंधरा मिनिटं घाम गाळतात. कुणी बल्बचं बूड सेलच्या टोकाला घासतं, कुणी तार सेलच्या दोन्ही टोकांना लावून बल्ब नुसता वर ठेवतं आणि "मावशी, तार तापली!" म्हणून ओरडतं.

पुस्तकातल्या आकृतीत बल्ब म्हणजे दोन बाजूंनी रेघ आलेलं एक वर्तुळ असतं. खऱ्या बल्बची दोन टोकं मात्र पटकन दिसत नाहीत. एक म्हणजे बुडाशी असलेला शिशासारखा ठिपका आणि दुसरं म्हणजे आट्यांची अख्खी पत्र्याची टोपी. दोन्हींच्या मध्ये काळ्या काचेसारखा एक विसंवाहक, म्हणजे वीज वाहू न देणारा, पट्टा असतो. मुलाला भिंग देऊन हा पट्टा शोधायला सांगा. तो सापडला की दिवा लागायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि 'परिपथ पूर्ण व्हायला हवा' हे वाक्य पाठ करायची गरज उरत नाही.

पुढे जे लिहिलंय ते सहावी ते दहावीच्या मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी आहे, आणि ज्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट कायम कुलूपबंद असतं तिथल्या शिक्षकांसाठीही. माझ्या शाळेत ते कपाट तसंच होतं. अमीटर आम्ही फळ्यावरच पाहिला.

एक नियम मी कडक पाळते. कळ दाबण्याआधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा: दिवा लागेल की नाही, जास्त उजेड पडेल की कमी, सुई डावीकडे जाईल की उजवीकडे. अंदाज चुकला तर खोडायचा नाही. शेजारी काय झालं ते लिहायचं.

आधी काय करायचं नाही

भिंतीतल्या सॉकेटला हात लावायचा नाही, हा विषय इथेच संपला. तिथे २३० व्होल्ट असतात. ओल्या हातातून काही दशक मिलिअँपिअर विद्युतधारा गेली तरी जीव जाऊ शकतो. सगळे प्रयोग दीड व्होल्टच्या सेलवर करायचे, जास्तीत जास्त चार सेल म्हणजे सहा व्होल्ट. इन्व्हर्टरची बॅटरी आणि जुन्या मोबाइलची बॅटरी दोन्ही बाद. त्यांचे व्होल्ट कमी असले तरी टोकं जुळली की धारा इतकी वाहते की तार लाल होते आणि मोबाइलची बॅटरी पेटते. संक्रांतीत येवल्याला काय किंवा आपल्या गल्लीत काय, तारांवर अडकलेला पतंग काठीने काढायचा नाही, हेही याच दिवशी सांगून टाका.

सामान कुठून आणायचं

बरंचसं सामान शालिमार किंवा एमजी रोडच्या बाजूला इलेक्ट्रिकच्या दुकानांत मिळतं: चार सेल, सेल होल्डर, २.५ व्होल्टचे तीन-चार बल्ब, २२० ओहमचे दोन रोध (रेझिस्टर), लहान होकायंत्र आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. टॉर्चमध्ये हल्ली सर्रास एलईडी असतात, त्यामुळे जुने बल्ब शोधावे लागतात. तरी सुरुवात एलईडीने करू नका. एलईडीला सरळ-उलट कळतं आणि एका सेलवर तो लागतही नाही, कारण लाल एलईडीलासुद्धा साधारण दोन व्होल्ट लागतात. पहिल्याच दिवशी दोन कोडी एकदम पडली की मूल कंटाळतं.

तांब्याच्या तारेसाठी मात्र मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जा. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात पंपाची मोटार जळणं नवीन नाही, त्यामुळे असं दुकान जवळपास सापडतंच. आमच्याकडचे वाइंडिंगवाले दादा उरलेल्या तारेचं गुंडाळं वजनावर देतात. एक जरा जाड आणि एक केसाएवढी बारीक, अशा दोन्ही तारा मागून घ्या. तिथे उघडी पडलेली मोटार मुलाला दाखवली तर अर्धा धडा तिथेच होतो.

या तारेत एक गंमत दडलेली आहे आणि ती मी मुद्दाम आधी सांगत नाही. वाहक-विसंवाहक तपासताना मुलं परिपथात मोकळी जागा ठेवतात आणि तिथे चमचा, नाणं, खोडरबर, पेन्सिलीचं शिसं असं काहीबाही जोडून पाहतात. मग वाइंडिंगची तार जोडतात आणि दिवा लागत नाही. एका मुलीने वहीत ठाम लिहिलं होतं: "तांबे विसंवाहक आहे." तिला मी चूक म्हटलं नाही, पॉलिश पेपरचा तुकडा दिला. टोकं घासल्यावर आतला गुलाबी धातू उघडा पडला आणि दिवा लागला. तारेवर वार्निशचा पारदर्शक थर असतो. तो नसता तर मोटारीतले शेजारी-शेजारी गुंडाळलेले वेढे एकमेकांना चिकटून लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) झाला असता.

धारा 'संपत' नाही

मुलांच्या डोक्यात एक समजूत घट्ट बसलेली असते: वीज सेलमधून निघते, बल्बमध्ये खर्च होते आणि उरलेली परत येते. भाषेचाही हातभार आहे, कारण आपण 'वीज वापरली' असंच म्हणतो. ही समजूत बोलून जात नाही, मोजूनच जाते. दोन सेल आणि दोन बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडा. मीटर आधी पहिल्या बल्बच्या अलीकडे, मग दोघांच्या मधे, मग दुसऱ्याच्या पलीकडे लावून धारा मोजा. आकडा तिन्हीकडे तोच येतो. त्याआधी वहीतले अंदाज मोठ्याने वाचून घ्या. निम्म्याहून जास्त मुलांनी 'कमी होत जाईल' असं लिहिलेलं असतं.

समजावताना पाण्याच्या पाइपापेक्षा मला सायकलची चेन जवळची वाटते. पायडल मारलं की चेन सगळीकडे एकदम हलते आणि मागच्या चाकाशी चेन 'संपत' नाही. कमी होते ती ऊर्जा, चेन नाही. तारेतले इलेक्ट्रॉनही असेच रांगतात, सेकंदाला मिलिमीटरभरही पुढे सरकत नाहीत. तरी बटण दाबताक्षणी दिवा लागतो, कारण रांग आधीपासूनच भरलेली असते.

धारा मोजताना मीटर परिपथ तोडून मध्ये, म्हणजे एकसर बसवायचा. विभवांतर (व्होल्ट) मोजताना परिपथ न तोडता दोन टोकांना, म्हणजे समांतर लावायचा. अँपिअरवर ठेवलेला मीटर थेट सेलच्या टोकांना लावला की आतला फ्यूज जातो. आमच्याकडे दोनदा गेला, त्यातला एकदा माझ्याच हातून. त्या दिवशी वितळतार म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

ओहमचा नियम: चार आकडे पुरतात

२२० ओहमचा रोध घ्या आणि एक, दोन, तीन, चार असे सेल वाढवत धारा मोजा. साधारण ६.८, १३.६, २०.५ आणि २७.३ मिलिअँपिअर येतील. सेल ताजे असतील तर थोडं जास्तच, कारण नव्या सेलचं विभवांतर दीड व्होल्टपेक्षा किंचित अधिक असतं. आलेखकागदावर चार ठिपके मांडा, पट्टी ठेवा आणि रेघ ओढा. ती शून्यातून जाते. त्यानंतरच V = IR (विभवांतर = धारा × रोध) लिहायचं, त्याआधी नाही.

मग लगेच त्या नियमाची खोडी काढा. २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेला बल्ब घेऊन गणित करा. रोध सुमारे ८ ओहम निघतो. आता तोच बल्ब परिपथातून काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. दीड ओहमच्या आसपास दिसेल. मुलं म्हणतात मीटर बिघडला. मीटर ठीक असतो. तार पांढरी तापली की तिचा रोध कित्येक पट वाढतो, आणि गणितातला आकडा त्या तापलेल्या तारेचा असतो. नियमातली 'भौतिक स्थिती कायम असताना' ही अट, परीक्षेत जी हमखास लिहायची राहून जाते, तिचा अर्थ हाच.

एकसर आणि समांतर जोडणीवर फार वेळ घालवू नका. दोन बल्ब एकसर जोडून एक काढायचा, मग समांतर जोडून एक काढायचा. पहिल्या जोडणीत दोन्ही विझतात, दुसऱ्या जोडणीत उरलेला बल्ब तसाच लागून राहतो. गणपतीच्या मखराला लावायची जुनी माळ एका बल्बमुळे अख्खी का बंद पडायची, आणि स्वयंपाकघरातला दिवा गेला तरी फ्रिज का चालतो, हे मुलं स्वतःच सांगतात. नियम सूत्रात बसवायला २२० ओहमचे दोन रोध पुरतात: एकसर ४४०, समांतर ११०.

घरच्या विजेशी धागा जोडायचा तर गिझर घ्या. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की बरोबर एक युनिट होतं. २००० ला २३० ने भागलं की ८.७ अँपिअर येतात, म्हणून त्याला ६ अँपिअरचा लहान सॉकेट चालत नाही, मोठा १६ अँपिअरचा लागतो. थंडीच्या महिन्यातलं महावितरणचं बिल समोर ठेवलं की हे गणित मुलं आनंदाने करतात. थंडीवरून आठवलं, कंगवा आणि कागदाचे कपटे, फुगा आणि केस हे स्थितिक विद्युतचे प्रयोग डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवा. निफाडला पारा घसरतो त्या कोरड्या दिवसांत ते झकास होतात. जुलैत दमट हवा प्रभार टिकूच देत नाही, आणि मुलांना वाटतं पुस्तक खोटं आहे.

चुंबक: आधी नदीवर जा

सोमेश्वरला फिरायला गेलात तर नदीकाठची ओंजळभर वाळू घरी आणून वाळवा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तिच्यातून फिरवा. पिशवीला काळ्या कणांच्या मिशा फुटतात. पिशवी उलटी करून चुंबक दूर केला की कण कागदावर पडतात. पिशवी विसरलात तर ते कण चुंबकावरून काढता काढता संध्याकाळ होते. आपला सगळा परिसर लाव्हाच्या काळ्या खडकाचा आहे, पांडवलेणीही त्यातच कोरलेली. या खडकात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड होत गेला तेव्हा पृथ्वीच्या त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यात गोठून राहिली. यातल्या बऱ्याच थरांत ती आजच्या बरोबर उलट आहे. हे ऐकल्यावर आमच्या गच्चीवर जी शांतता पसरली ती एरवी कधी पसरत नाही.

ते काळे कण कागदावर पसरून खाली चुंबक धरला तर बलरेषाही दिसतात, लोहकीस विकत आणावा लागत नाही.

मग सुई. शिवणाची सुई चुंबकाच्या एकाच टोकाने, एकाच दिशेला, तीस-चाळीस वेळा घासा. परतताना चुंबक उचलून आणायचा. पिंपळाच्या छोट्या पानावर ठेवून ती पाण्यात तरंगवा. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं घ्या. स्टीलच्या वाटीत हा प्रयोग कधी जमतो, कधी फसतो, कारण काही स्टीलला चुंबक चिकटतो आणि काहीला नाही. फसलाच तर स्वयंपाकघरातली सगळी भांडी चुंबकाने तपासायचं काम मुलांना द्या. आई ओरडेपर्यंत ते चालतं.

नाशिकमध्ये होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत अंशभराचाही फरक नाही, त्यामुळे सुईवर बिनधास्त विसंबा. रामकुंडावर होकायंत्र घेऊन जा आणि गोदावरी तिथे कोणत्या दिशेला वाहते ते पाहा. पूर्ववाहिनी म्हणून पाठ केलेल्या नदीने तिथे दक्षिणेकडे घेतलेलं वळण सुईवर दिसतं. आणि हमखास येणारा प्रश्न: सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, मग विजातीय ध्रुव एकमेकांना ओढतात त्याचं काय? उत्तर सरळ आहे. भौगोलिक उत्तरेजवळ पृथ्वीच्या चुंबकाचा दक्षिण ध्रुव आहे.

दोन धडे इथे एक होतात

१८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडने पाहिलं की तारेतून धारा सोडली की शेजारची चुंबकसूची वळते. घरी हा प्रयोग बहुतेकांचा फसतो, आणि कारण एकच: तार सुईला आडवी धरलेली असते. तार उत्तर-दक्षिण, सुईला समांतर आणि सुईच्या बरोबर वर धरायची. जाडी तार आणि एक ताजा मोठा सेल घ्या. टोकं दोनच सेकंद टेकवायची आणि सोडायची, कारण हा जवळजवळ लघुपरिपथच असतो. सुई गर्रकन वळते. आता तार सुईखाली धरा, ती उलट वळते. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम इथे, तार मुठीत धरल्याचा आव आणत शिकवा.

नववी-दहावीच्या मुलांना एक आकडा द्या. दोन अँपिअर धारेचं एक सेंटिमीटर अंतरावरचं चुंबकीय क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला येतं. पृथ्वीचं आपल्याकडचं आडवं क्षेत्रही जवळपास तेवढंच आहे. दोघांच्या ओढाताणीत सुई पूर्ण आडवी न होता साधारण ४५ अंशांवर थांबते.

ही ओढाताण आपल्या राज्याच्या इतिहासातही घडली आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात असे. शहरात विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर तारांतल्या धारेने मोजमाप बिघडणार हे उघड होतं. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. ओर्स्टेडची सुई आणि मुंबईची ट्राम, प्रकार एकच.

खिळ्याचा चुंबक

तीन इंची लोखंडी खिळ्यावर जाड तारेचे ५० वेढे घाला, टोकं घासा, सेल जोडा आणि किती टाचण्या उचलल्या ते मोजा. मग १०० वेढे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वेढे बदलले तर सेल तोच, सेल बदलला तर वेढे तेच. ही शिस्त मुलांना जड जाते, पण प्रयोग या शब्दाचा अर्थ तिच्यातच आहे.

जाड तारेवर वेढे दुप्पट केले की टाचण्याही साधारण त्या बेताने वाढतात. मग एक हुशार मुलगा बारीक तार घेतो, तीनशे वेढे घालतो आणि टाचण्यांचा ढीग उचलायच्या तयारीत बसतो. अपेक्षेच्या निम्म्यानेही उचलल्या जात नाहीत. त्याला तीनशे वेढ्यांच्या तारेचा रोध मोजायला लावा. केसासारखी, चार-पाच मीटर लांबीची तार, रोध काही ओहम. वेढे वाढले पण धारा घटली. गेल्या आठवड्यातला V = IR इथे अचानक उपयोगी पडतो, आणि दोन धडे एकाच वहीच्या पानावर येतात.

एक इशारा. माझ्या भाच्याने टोकं सेलवर बोटांनी दाबून धरली आणि टाचण्या मोजत बसला. अंगठ्याला फोड आला. पाच सेकंदांपेक्षा जास्त जोडायचं नाही, आणि धरायचं ते कपड्याच्या लाकडी चिमट्याने.

सेल काढल्यावरही दोन-तीन टाचण्या लोंबत राहिल्या तर खिळ्यात थोडं चुंबकत्व उरलंय. विद्युतचुंबकात पोलाद न वापरता नरम लोखंड का वापरतात, ते तिथेच विचारून घ्या.

मोटार: अर्धं टोक घासायचं

पेनावर १२-१५ वेढे गुंडाळून कडं करा आणि दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर काढा. सेलच्या दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना रबरबँडने बांधा, त्यांच्या भोकांत ही टोकं बसवा आणि सेलवर चुंबक ठेवा. बोटाने हलका धक्का दिला की कडं भिरभिरतं. भिरभिरलं नाही तर कारण जवळजवळ नेहमी घासण्यात असतं. एक टोक चहूबाजूंनी घासायचं, दुसऱ्याची फक्त वरची बाजू. दोन्ही टोकं पूर्ण घासली तर कडं एका जागी येऊन थरथरतं, कारण अर्ध्या फेरीनंतर बल त्याला मागे खेचू लागतं. अर्धं वार्निश ठेवलं की नेमक्या त्या अर्ध्या फेरीत धारा बंद होते आणि कडं स्वतःच्या वेगाने पुढे जातं. पुस्तकातल्या मोटारीत याच जागी दुभंगलेलं कडं असतं. ते धारा बंद न करता तिची दिशा उलटवतं, त्यामुळे दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत जोर मिळतो. हा फरक उत्तरात लिहिणाऱ्या मुलाने मोटार बनवलेली असते, हे तपासणाऱ्याला कळतं.

आता उलटं: फिरवा आणि वीज काढा

फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं की चुंबक हलला की कुंतलात (तारेच्या वेटोळ्यात) धारा येते. बारीक तारेचे चारशे वेढे पुठ्ठ्याच्या नळीवर घाला, मल्टिमीटर सर्वांत लहान मिलिव्होल्टवर ठेवा आणि चुंबक आतबाहेर करा. आकडा उडतो, बाहेर काढताना चिन्ह बदलतं, आणि चुंबक आत नुसता ठेवून दिला तर शून्य. या शून्यावर थांबा. 'चुंबक आहे म्हणून वीज' असं नाही, तो हलायला हवा.

पण मीटरवरचे उडते आकडे पाहून कुणी थरारत नाही. त्यासाठी जुन्या सायकलचा डायनामो मिळवा. सायकल दुरुस्तीवाल्याकडे पडलेला असतो. त्याला ६ व्होल्टचा बल्ब लावा. मी पहिल्यांदा टॉर्चचा २.५ व्होल्टचा लावला होता, तो एका झटक्यात गेला. डायनामोत चुंबक मध्ये फिरतो आणि कुंतल स्थिर असतं. पुस्तकातल्या आकृतीत असतं त्याच्या नेमकं उलट.

आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा जाळून वाफ, वाफेने टर्बाइन, आणि टर्बाइनच्या दांड्यावर फिरणारा एक प्रचंड विद्युतचुंबक. तिथेही डायनामोसारखा चुंबकच फिरतो आणि कुंतलं जागेवर असतात. तो मिनिटाला ३००० फेऱ्या मारतो. ३००० भागिले ६० म्हणजे ५०, आणि घरच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. हे भागाकाराचं गणित मुलांनी त्या धुराड्यांकडे बघत करावं.

मग डायनामो मुलाच्या हातात द्या. आधी बल्ब न लावता फिरवायला सांगा, मग बल्ब लावून. बल्ब लागताच चक्र जड होतं. आमच्याकडे एक मुलगी दोनदा थांबली, बल्ब काढला, पुन्हा लावला आणि म्हणाली, "मावशी, दिवा माझ्या हाताला ओढतोय." तिला आणखी एक बल्ब समांतर जोडून दिला आणि वहीत अंदाज लिहायला सांगितला.